घाट चढताना गाडी तापते, मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाक. काय करू?

गुहागरकर_पुण्यात

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचून सांगा. घरी 2005 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1.1 लिटरचं इंजिन, बाबांनी नवीन घेतलेली, पुढे सीएनजी किट बसवलं. रनिंग सव्वा लाखाच्या वर गेलंय पण इंजिन अजून छान आहे, धूर नाही, ऑइल खात नाही, त्यामुळे विकायची इच्छा घरात कोणाचीच नाही.

प्रॉब्लेम असा की शहरात गाडी अजिबात तापत नाही. सिंहगड रोडला संध्याकाळच्या गर्दीत एसी लावून अर्धा तास रांगत असलो तरी काटा मध्यावर असतो तिथून हलत नाही. पण मोठा चढ लागला की सुरू. खंबाटकीला अर्ध्या घाटात काटा पाऊण भागाच्या पुढे जातो, एसी बंद केला तरी फार फरक पडत नाही, आणि माथा ओलांडून उतार लागला की सुरूरपर्यंत परत जागेवर. मागच्या वेळी वर थांबून बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत बुडबुडे, बाटली काठोकाठ, थोडं बाहेर सांडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर बघितलं तर बाटली तशीच भरलेली पण रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतली पातळी खाली गेलेली. हे काही कळलं नाही.

जवळच्या गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं की थर्मोस्टॅट काढून टाक, फॅन डायरेक्ट (म्हणजे कायम चालू) करून घे आणि कूलंटबिलंट कशाला, साधं पाणी भर. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन उंब्रज, पाटण, कोयनानगर करत चिपळूणला उतरायचं आणि पुढे गावी. जाताना कुंभार्ली उतारच आहे, पण येताना तोच घाट चढायचा आणि बाबांना उन्हात रस्त्याच्या कडेला बसवून ठेवायचं नाहीये. काय काय तपासू आणि कुठल्या क्रमाने?

पाना_नंबर_बारा

दादा, लिहिलंय बरोबर, निम्मं निदान तुमच्याच लिहिण्यात आहे. गाडी कधी तापते ते आधी बघायचं असतं. उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की गार होते तर फॅनकडे बघा, मोटर, रिले, फ्यूज, थर्मो स्विच, कारण वेगात समोरनं वारा लागतो तो फॅनचं काम करतो. तुमचं उलटं आहे. ट्रॅफिकमध्ये ठणठणीत आणि चढाला तापते, म्हणजे फॅन चांगला आहे, त्याला हात लावायचं कारणच नाही. चढाला इंजिन जास्त इंधन जाळतं, त्यातली साधारण तिसऱ्या हिश्शाची उष्णता कूलंटला बाहेर काढावी लागते, आणि तुमच्या गाडीत एकतर पाणी कमी आहे, किंवा आहे ते नीट फिरत नाही, किंवा रेडिएटर आतनं नाहीतर बाहेरनं बुजलाय, किंवा आत प्रेशर टिकत नाही. शहरात एवढं काम लागत नाही म्हणून दोष झाकला जातो.

आता ती बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा ही जी गोष्ट सांगितलीत ना, ती लाखमोलाची आहे. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, ते कुकरच्या शिट्टीसारखं आहे, आत दाब धरून ठेवतं म्हणून पाणी 100 ला उकळत नाही. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो बारमध्ये दाब. 0.9 च्या झाकणानं साधं पाणीसुद्धा साधारण 119 डिग्रीपर्यंत उकळत नाही. दाब त्याच्या वर गेला की झाकण थोडं पाणी बाटलीत सोडतं, आणि इंजिन गार झालं की झाकणाच्या मधोमध जो छोटा व्हॉल्व्ह असतो तो उघडून तेच पाणी परत आत ओढलं जातं. तुमच्याकडं पाणी बाहेर जातंय पण परत येत नाही. म्हणजे तो मधला व्हॉल्व्ह चिकटलाय, झाकणाचं रबर कडक झालंय, नाहीतर बाटलीकडं जाणारी बारीक नळी चिरलीय आणि ती पाण्याऐवजी हवा ओढतेय. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे, पहिल्यांदा तीच बदला, पण छापलेला आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं घातलं तर वीस वर्षांचे होज (रबरी नळ्या) फाटतील.

झाकण बदलून भागेल असं मात्र म्हणत नाही. मला तीन गोष्टी सांगा. सकाळी गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली तर पाण्यात सतत बुडबुडे येतात का? गार गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो का? आणि ऑइल कॅपच्या आत दुधाळ तपकिरी फेस आहे का? यातलं काही असेल तर हेड गॅस्केटकडं (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यातलं सील) बघावं लागेल आणि मग बाकीचा खर्च आत्ता करू नका.

गुहागरकर_पुण्यात

आज सकाळीच बघितलं. बुडबुडे सुरुवातीला दोन-चार आले मग थांबले, सतत नाहीत. वरचा होज मऊच होता, पाच-सात मिनिटांनी हळूहळू कडक झाला. ऑइल कॅप स्वच्छ. झाकणावर 0.9 आहे आणि रबर नखाने दाबलं तर दबत नाही, एका बाजूला केसासारखी चीर दिसतेय.

पाना_नंबर_बारा

छान, म्हणजे गॅस्केट बहुतेक शाबूत आहे. तरी पूर्ण खात्री हवी असेल तर चांगल्या गॅरेजात निळ्या पाण्याचं टेस्टर असतं, ते रेडिएटरच्या तोंडावर धरतात, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळं पाणी पिवळं होतं. पाच मिनिटांचं काम.

आता थर्मोस्टॅट. कृपा करून काढू नका. हा सल्ला आपल्याकडं वर्षानुवर्षं चाललाय आणि त्यानं लोकांची इंजिनं झिजलीत. थर्मोस्टॅटमध्ये मेण भरलेली कुपी असते, ती ठराविक तापमानाला फुगते आणि व्हॉल्व्ह उघडते, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना तो आकडा 82 किंवा 88 असतो, व्हॉल्व्हवर खोदलेला असतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तो काढला की इंजिन सतत थंडगार, कॉम्प्युटरला वाटतं अजून गाडी गरम व्हायचीय म्हणून तो जास्त पेट्रोल टाकतो, अॅव्हरेज पडतं, ऑइलमधली वाफ उडून जात नाही आणि गाळ धरतो. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो नसला तर बरंच पाणी रेडिएटरला न जाताच बायपासनं फिरत राहतं आणि चढाला गाडी आधीपेक्षा जास्त तापते. हे मी गॅरेजात डोळ्यांनी बघितलंय.

आणि तुमच्याकडं सीएनजी आहे! सिलिंडरमधला 200 बारचा गॅस रेड्यूसरमध्ये एकदम कमी दाबाला येतो तेव्हा तो प्रचंड गार होतो, रेड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनचं गरम पाणी दिलेलं असतं. पाणीच गरम नसेल तर गाडी गॅसवर यायला वेळ लावणार, थंडीत तर फारच.

संशय असेल तर काढून घरी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधे टांगा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि पाणी तापवा. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर उत्तम. छापलेल्या आकड्याच्या आसपास फट दिसायला लागली पाहिजे आणि अजून दहा-पंधरा डिग्रीत पूर्ण उघडला पाहिजे. पाणी खळखळ उकळतंय आणि हा अर्धाच उघडलाय तर नवीन घाला, गॅस्केट किंवा ओ-रिंगसकट.

काजूची_बाग

सीएनजीवरून आठवलं म्हणून लिहिते, आमच्या गाडीत नेमकं तिथेच दुखणं निघालं होतं. किट बसवताना हीटरचे होज कापून त्यात टी (तीन तोंडांचा जोड) बसवतात आणि रेड्यूसरला पाणी नेतात. त्या टी आणि क्लिपा नंतर कोणी बघत नाही. आमच्याकडे एका क्लिपेखाली पांढरट हिरवा थर धरला होता, ओलं असं काही दिसायचं नाही कारण गरम इंजिनवर थेंब पडला की तिथेच वाळायचा. महिनोन्महिने पाणी कमी होत होतं आणि सगळे रेडिएटरकडे बघत बसले होते. टॉर्च घेऊन त्या चारही जोडांवर बोट फिरवा, खडबडीत पावडर लागली की समजा गळतंय. आणि रेड्यूसर रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंचावर बसवला असेल तर हवा तिथे अडकून राहते, ती काढल्याशिवाय काही उपयोग नाही.

सांगलीचा_रेडिएटरवाला

वडिलांपासून रेडिएटरचंच काम आहे आमचं. पानावाले दादांनी सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त रेडिएटरचं सांगतो.

चढाला तापणारी आणि ट्रॅफिकला न तापणारी गाडी दुकानात आली की मी पहिल्यांदा हात फिरवून बघतो. गाडी चांगली गरम करायची, बंद करायची, फॅनचा प्लग काढायचा कारण चावी बंद असताना पण काही गाड्यांचा फॅन अचानक फिरतो आणि बोटं जातात, आणि मग जाळीवरून हात जवळ धरून वरून खाली, डावीकडून उजवीकडे. कुठे गरम, कुठे एकदम गार लागलं तर त्या गार पट्ट्यातल्या नळ्या बुजलेल्या आहेत. हल्ली इन्फ्रारेड गन स्वस्त मिळते, तिने तर आकडाच दिसतो. वीस वर्षांच्या गाडीत, त्यात मधे कधी बोअरचं पाणी भरलेलं असेल तर खालच्या नळ्या हमखास जातात, क्षार आणि गंज सगळा तळाला बसतो.

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे, त्यांची टाकी डाग (सोल्डरचा सांधा) सोडवून काढायची, प्रत्येक नळीत पट्टी घालून रॉडिंग करायचं आणि परत डाग द्यायचा, नव्यासारखा व्हायचा. तुमच्या 2005 च्या गाडीत अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असणार, टाकी दातांनी आवळून बसवलेली असते. ती उघडून रॉडिंग करणारे आहेत, पण दात एकदा उघडून बंद केले की पुन्हा तेवढे घट्ट बसत नाहीत, रबर नवीन घातलं तरी, आणि वीस वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं ते वेगळंच. माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय पण या गाडीला निम्म्याच्या आसपास नळ्या बुजल्या असतील तर नवीन रेडिएटर घाला.

बाहेरची जाळी पण बघा. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, त्या दोघांच्या मधे जी बोटभर फट असते तिथे माती, किडे, गवताचा भुसा यांचा थर बसतो जो पुढून बघून कधीच दिसत नाही. वरचे बोल्ट सैल करून रेडिएटर थोडा मागे ओढा आणि इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने साध्या नळाच्या धारेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर लावू नका, पाती आडवी पडतात आणि वारा जायचा बंद होतो.

आणि एक हात जोडून विनंती. रस्त्यात गळायला लागलं की हळद टाकायची पद्धत आहे, बरेच ड्रायव्हर सांगतात. मी हळदीच्या बाजारपेठेत राहतो, तरी सांगतो, बारीक भोक तात्पुरतं बंद होतं हे खरं, गावाबाहेर अडकलात आणि दुसरा काही इलाजच नाही तर गॅरेजपर्यंत पोहोचायला ठीक. पण नंतर लगेच सगळं फ्लश करायचं. लोक विसरतात, आणि तीच हळद हीटरच्या बारीक नळ्यांत आणि रेडिएटरच्या तळाला दगड होऊन बसते. बाटलीतल्या लीक स्टॉपचंही तेच.

वऱ्हाडी_ताई

तुमची गाडी ट्रॅफिकले तापत नाही हे नशीब समजा भाऊ. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, तिथं सिग्नलले उभी राहिली गाडी की खरी परीक्षा. म्हणून जे लोक हा धागा वाचून राहिले आणि ज्यायची गाडी उभ्यानं तापते त्यायच्यासाठी लिहिते. एसी लावा, बॉनेट उघडा, फॅन फिरला पाहिजे. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले बाजूच्या सारख्या रिलेशी अदलाबदल करून बघा, मग मोटरले सरळ बॅटरीचा करंट देऊन बघा. हातानं फिरवून सोडल्यावर सुरू होत असेल तर मोटरचे कार्बन संपले. आणि फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं असेल तर ते बदला, ते नसलं की फॅन जाळीतून वारा ओढतच नाही, आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहते.

जुनी_सवय

मला एक कळत नाही, आमच्याकडे जुन्या गाडीत कायम नळाचं पाणीच भरलं, कधी काही झालं नाही. कूलंटची एवढी काय गरज? महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, ते तर पाणी गोठू नये म्हणून असतं ना?

रसायनवाला

गोठण्यासाठीही असतं, निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल घेतलं तर ते साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही, पण आपल्याला त्याची गरज नाही हे तुमचं बरोबर. आपल्याला त्याच बाटलीतल्या दुसऱ्या दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे उत्कलनबिंदू. तेच निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर 107 च्या आसपास उकळतं आणि 1.1 बारच्या झाकणाखाली 129 च्या आसपास. पाण्याला उंचीचाही फटका असतो, महाबळेश्वरला ते 100 च्या चार-साडेचार डिग्री आधीच उकळतं. दुसरी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे गंजरोधक रसायनं. तुमच्या जुन्या गाडीत ब्लॉक आणि हेड लोखंडाचं आणि रेडिएटर तांब्याचा असेल तर साध्या पाण्यावर ती बराच काळ निभावते. इथे अॅल्युमिनियमचं हेड, लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा ब्लॉक, अॅल्युमिनियमची जाळी, स्टीलच्या नळ्या आणि त्यात क्षाराचं पाणी, म्हणजे दोन धातूंच्या मधे सतत रासायनिक क्रिया चालू. वॉटर बॉडीची (म्हणजे वॉटर पंपाची) पाती खाऊन पातळ झालेली बघायची असतील तर कुठल्याही गॅरेजच्या भंगारात बघा. ती पाती झिजली की पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही, आणि ते नेमकं चढालाच जाणवतं.

पण जास्त कूलंट म्हणजे जास्त गारवा असंही नाही. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा चांगलं असतं, म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं तर उलट तोटाच. बाटलीवर प्रीमिक्स लिहिलंय की कॉन्सन्ट्रेट ते वाचा, कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड. रंगावर अजिबात जाऊ नका, हिरवा, लाल, निळा हे कंपनीने घातलेले रंग आहेत, आतलं रसायन रंगावरून ठरत नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तो घ्या, आणि आधी काय भरलेलं होतं ते माहीत नसेल तर त्यात दुसरं मिसळू नका, सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून मग नवीन भरा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधली गंजरोधक रसायनं दोन-तीन वर्षांत संपतात, दिसायला ते हिरवंगारच दिसतं तरी.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, उघड्या टबात ठेवू नका. त्याला गोडसर चव असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि अगदी थोड्या ग्लायकॉलनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो. घरात लहान मुलं असतील तर बाटली कुलपात.

डेपोतले_काका

एसटीच्या वर्कशॉपला आयुष्य गेलं माझं, आता निवृत्त आहे. मुलांनो माहिती चांगली दिलीत. मी चालवण्याचं सांगतो, कारण यंत्र नीट असूनही माणूस घाटात गाडी तापवतो.

वॉटर पंप इंजिनाबरोबर फिरतो. तिसऱ्या गियरला गाडी दम टाकतेय, घरघरतेय आणि चालक अॅक्सिलेटर दाबतोय, म्हणजे इंजिन पूर्ण ताकद लावतंय, उष्णता भरपूर आणि पंप मात्र हळू. दुसरा टाका. आवाज वाढला म्हणून घाबरू नका, अडीच ते साडेतीन हजार आरपीएमवर इंजिन मोकळं फिरलं तर पंप पाणी जोरात ढकलतो आणि इंजिनवर ताण कमी येतो. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका, त्याची गरम हवा तुमच्या रेडिएटरवर येते आणि वाराही लागत नाही. एसी घाटाच्या पायथ्यालाच बंद करा, काटा चढल्यावर नव्हे. मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी खंबाटकीत आणि बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या गाड्यांची रांग दिसते, त्यातल्या बऱ्याच या दोन-तीन गोष्टींनी वाचल्या असत्या.

काटा वर जायला लागला तर हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो बरीच उष्णता गाडीत घेऊन येतो, त्रास होईल पण इंजिन वाचेल. मग सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. काटा नुसता वर आहे पण लाल पट्ट्यात नाही आणि वाफ नाही, तर इंजिन लगेच बंद न करता न्यूट्रलला थोडं चालू ठेवा, पंप आणि फॅन चालू राहतात. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ आली तर मात्र ताबडतोब बंद. आणि काटा वर असताना अचानक खाली पडला तर आनंद मानू नका, पाणी संपून सेन्सर कोरडा पडला असेल तरी काटा खाली येतो, तेव्हा तर एक मिनिट चालवू नका.

झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. आत 100 च्या वरचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल केलं की ते एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येतं. भाजलेले हात आणि चेहरे मी बघितलेत. वरचा होज हाताने दाबता येईल इतका मऊ आणि कोमट होईपर्यंत थांबा, अर्धा-पाऊण तास लागला तर लागू दे. त्यानंतर जाड फडकं ठेवून पहिल्या खाचेपर्यंत. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जातो, नाहीतर हेड वाकतं आणि मग फेसिंग, गॅस्केट, सगळा खर्च. इंजिन चालू ठेवून हळूहळू, तेही गार झाल्यावर.

गुहागरकर_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या गॅरेजात नेऊन समोर उभं राहून सगळं करून घेतलं, ते लिहितो.

झाकण नवीन, 0.9 चंच. काजूची_बाग ताईंनी सांगितलं तिथेच, रेड्यूसरकडे जाणाऱ्या एका टीवर पांढरी पावडर निघाली, टी आणि चारही क्लिपा बदलल्या. रेडिएटर हात फिरवून बघितला तर खालचा तिसरा हिस्सा जवळजवळ गार होता. काढून उलटा केला तर तपकिरी गाळ आला, नवीन घातला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधून पिंपळाची पानं आणि मातीचा असा थर निघाला की मेकॅनिकने पोराला बोलावून दाखवला. थर्मोस्टॅट पातेल्यात तपासला, त्यावर 82 आहे, बरोबर उघडतोय, तोच ठेवला. खालच्या होजमधली स्प्रिंग गंजून तुटली होती म्हणून तो होज पण बदलला, मेकॅनिक म्हणाला की इंजिन रेस केलं की हा होज आत ओढला जाऊन चपटा होत असणार. वॉटर बॉडी ठीक आहे, खालच्या भोकातून गळती नाही, टायमिंग बेल्ट बदलायचा होईल तेव्हा तिच्यासोबत बदलू.

काल मुद्दाम खंबाटकी चढून आलो, दुसऱ्या गियरला, एसी बंद. काटा मध्यापेक्षा किंचित वर गेला आणि तिथेच थांबला. बाबा शेजारी बसून पूर्ण घाट काट्याकडेच बघत होते.

एकच शंका. आज सकाळी बाटलीतली पातळी 'फुल'च्या खुणेवरून खाली, 'लो'च्या खुणेच्या जरा वर आलीय. कुठे ओलं नाही. हे नॉर्मल का?

पाना_नंबर_बारा

नवीन भरल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत असं होतं, ब्लॉकमध्ये, हीटरमध्ये आणि रेड्यूसरमध्ये अडकलेली हवा निघते आणि तिची जागा पाणी घेतं. झाकण आता परत ओढतंय हेच त्यावरनं दिसतंय. एकदा नीट हवा काढून घ्या. गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, गार इंजिन, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेवढं भरत राहा, होज हाताने दाबून सोडा, फॅन एकदा येऊन जाऊ दे, बुडबुडे थांबले की झाकण लावा. मग बाटली गार असताना दोन खुणांच्या मधे ठेवा, काठोकाठ भरू नका, वर फुगायला जागा लागते.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी गाडी काढण्याआधी बाटली बघायची. पातळी स्थिर राहिली तर विषय संपला. कमी होत राहिली आणि बाहेर कुठंच ओलं नाही तर पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी मॅट उचलून बघा, तिथं चिकट गोडसर वासाचं ओलं असेल किंवा काचेवर आतनं तेलकट वाफ धरत असेल तर हीटरची जाळी गळतेय. तेही नसेल तर मग निळ्या पाण्याची टेस्ट करून घ्या, गावाला निघायच्या आधी.

डेपोतले_काका

आणि डिकीत दोन लिटर बॅटरीचं पाणी, दोन-तीन मापाच्या क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, जाड फडकं आणि टॉर्च ठेव. येताना चिपळूणहून पहाटे निघ, ऊन चढायच्या आत कुंभार्ली चढून कोयनानगरला चहा घे. तिथे बॉनेट उघडून झाकणाला हात न लावता नुसती बाटली बघ.